सिस्टिमॅटिक रिव्ह्यू वाचताना या चुका टाळा

सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून, तपासून केलेला आढावा. तो उघडला की नजर थेट फॉरेस्ट प्लॉटच्या (प्रत्येक अभ्यासाचा निकाल एकेका ओळीत दाखवणाऱ्या आलेखाच्या) तळाशी, एकत्रित निकाल दाखवणाऱ्या हिऱ्यावर जाते. हिरा 'फरक नाही' दाखवणाऱ्या उभ्या रेषेला शिवत नसला की 'औषध गुणकारी' म्हणून वाचक मोकळा. पण हिरा ही नुसती गोळाबेरीज आहे. तिच्यात काय काय घातलंय, ते वरच्या ओळींत सापडतं.

१९९१ सालचं उदाहरण घ्या. हृदयविकाराच्या झटक्यानंतर शिरेतून मॅग्नेशियम देण्याच्या ७ छोट्या चाचण्या एकत्र केल्या गेल्या. रुग्ण एकूण १,३०१. मृत्यू मॅग्नेशियम गटात २५, दुसऱ्या गटात ५३. आकडे डोळे दिपवणारे होते. १९९५ मध्ये ५८,०५० रुग्णांवरच्या आयसिस-४ चाचणीचे निकाल आले: मृत्यू अनुक्रमे ७.६४ आणि ७.२४ टक्के. फायदा नाहीसा! छोट्या चाचणीचा निकाल अनुकूल आला तर ती छापली जाते, नाहीतर कपाटात पडून राहते; शिवाय मृत्यूच एकूण ७८ असतील, तर दहा-पंधरा इकडचे तिकडे झाले तरी चित्र पालटतं. म्हणून टक्केवारीआधी एकूण घटना (इथे मृत्यू) मोजा. सर्वांत छोट्या चाचण्या वगळल्यावर निष्कर्ष टिकतो का, हे लेखकांनी तपासलंय का ते बघा. अभ्यास १० पेक्षा कमी असताना फनेल प्लॉट (न छापलेल्या अभ्यासांचा सुगावा देणारा आलेख) सममित दिसला, तर त्यावर विसंबू नका.

फॉरेस्ट प्लॉटमध्ये एकाच मध्यम आकाराच्या अभ्यासाची रेघ (निकालातली अनिश्चितता) बाकीच्यांपेक्षा फारच आखूड दिसली, तर मूळ लेख काढा. बहुधा स्टँडर्ड डेव्हिएशनच्या (रुग्णारुग्णांतल्या फरकाच्या मापाच्या) जागी स्टँडर्ड एरर (सरासरीतल्या अनिश्चिततेचं, त्याहून लहान माप) भरलेली असते. गटात १०० जण असतील तर हा फरक दहापट पडतो, आणि तो अभ्यास फुकटचं वजन खातो. दुसरी नेहमीची गफलत दुहेरी मोजणीची: तीन गटांच्या चाचणीतला कंट्रोल (तुलनेसाठीचा) गट दोनदा धरलेला असतो, किंवा तेच रुग्ण दोन लेखांतून आत आलेले असतात. नोंदणी क्रमांक जुळवून पाहा. भारतातल्या चाचण्यांसाठी सीटीआरआय या चाचण्यांच्या नोंदवहीचा.

बेरीज अचूक असूनही माल खोटा असू शकतो. कोविडवरच्या आयव्हरमेक्टिनच्या रिव्ह्यूंमध्ये इजिप्तमधला एक प्रीप्रिंट (तज्ज्ञांनी तपासण्याआधीच प्रसिद्ध केलेला लेख) घेतला गेला होता. त्याच्या आकडेवारीतल्या गंभीर विसंगती उघड झाल्यावर जुलै २०२१ मध्ये तो मागे घेण्यात आला, आणि त्याला वगळल्यावर मृत्यू टळण्याचा दावा बराच पातळ झाला. रिव्ह्यू जुना असेल तर त्यातला सर्वाधिक वजनाचा अभ्यास नंतर मागे घेतला गेलाय का, हे तपासायला पाचच मिनिटं लागतात.

प्रॉस्पेरोवरची (रिव्ह्यूचा आराखडा आधीच नोंदवण्याच्या नोंदवहीतली) नोंद उघडून मुख्य परिणाम कोणता ठरवला होता ते ताडून बघा. नोंदीत 'मृत्यू' आणि लेखात 'ताप उतरण्याचे तास' असेल, तर बदलाचं कारण लेखात दिलेलं हवं. शोध कोणत्या तारखेपर्यंतचा आहे, तेही बघा. ती प्रकाशनाच्या दोन वर्षं आधीची असणं काही दुर्मीळ नाही.

ॲमस्टार-२ (रिव्ह्यूचा दर्जा जोखणारी प्रश्नावली) वापरताना '१६ पैकी १२ गुण' असं लिहू नका. त्यात १६ प्रश्न असले तरी ७ कळीचे आहेत. त्यातल्या एकात खोट निघाली की विश्वास 'कमी', एकाहून जास्त निघाल्या की 'अत्यंत कमी'. बाकीची उत्तरं कितीही चांगली असोत.