टर्की फ्रीझरमधून कधी काढायची? २१ ला!

यंदा कॅलेंडरवर २१ डिसेंबरच्या चौकोनात लाल पेनानं लिहून ठेवलंय: टर्की खाली. म्हणजे नाताळाला अख्खा भाजायचा तो गोठलेला, कोंबडीहून मोठा पक्षी फ्रीझरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. गेल्या नाताळाला मी ती २४ च्या संध्याकाळी काढली. २५ ला दुपारी अठरा माणसं ताटं घेऊन बसलेली, मी ऐटीत मांडीत सुरी घातली, तर ती सांध्यापाशी अडली. वरून खमंग तांबूस, हाडालगत कच्चं मांस आणि लालसर पाणी. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, बोलले काहीच नाहीत. मग तुकडे करून सगळं कुकरमध्ये, वर आईची कांदा-लसूण चटणी. साडेचारला जेवलो.

चूक का झाली सांगतो. आपल्याकडे मटण म्हणजे सकाळी दुकानासमोर उभं राहायचं, डोळ्यादेखत कापून घ्यायचं, दुपारी तांबडा-पांढरा. गोठलेल्या मांसाची आपल्या हातांना सवयच नाही. पाच किलोचा दगड रात्रीत सुटेल, म्हणजे आतला बर्फ वितळेल, असं वाटतं. सुटत नाही! फ्रीजमध्ये दर दोन किलोला अख्खा एक दिवस धरा. पाच किलोला अडीच ते तीन दिवस. म्हणून २१. एखादा दिवस आधी सुटली तर बिघडत नाही. सुटलेली टर्की फ्रीजमध्ये आणखी एक-दोन दिवस राहते. वेष्टनासकट खोल परातीत ठेवा, नाहीतर तिचं पाणी कोथिंबिरीवर गळेल.

ओट्यावर ठेवून सोडवायची नाही. ‘थंडी आहे की’ हे घरात कुणीतरी म्हणणारच. कोल्हापूरची डिसेंबरची थंडी स्वेटरापुरती. मांसाला ४ अंशांच्या आत लागतं. बाहेर ठेवली की वरचा थर कोमट होऊन त्यात जंतू वाढतात आणि पोटात बर्फ तसाच.

तरीही विसरलातच, तर बादली. न गळणाऱ्या पिशवीत घट्ट बांधून गार पाण्यात पूर्ण बुडवायची, दर अर्ध्या तासाला पाणी बदलायचं. किलोला तासाहून थोडं जास्त, म्हणजे पाच किलोला साडेपाच-सहा तास. आणि मग लगेच ओव्हनमध्ये, परत फ्रीजमध्ये नाही. गरम पाणी अजिबात नको. हे सगळं नको असेल तर २१ ला काढा.

ओव्हन आधी मोजा, तेही टेपनं. केकपुरता छोटा ओटीजी असेल तर टर्कीचा नाद सोडा, दोन कोंबड्या भाजा. ट्रेसकट टर्की आत जाऊन वर चार बोटं जागा राहिली पाहिजे. प्लग १६ अँपिअरचा. ओळखीच्या बेकरीवाल्याला भट्टीबद्दल विचारणार असाल तर आठवडाभर आधी विचारा. नाताळात त्याला केकांतून मान वर काढायला सवड नसते.

टोचायचा थर्मामीटर विकत घ्या. रंगावर जाऊ नका, मी रंगावरच गेलो होतो.

मीठ, मिरी, लोणी, फॉइल ज्याचं त्यानं बघावं.

२४ ला रात्री पोटात हात घालून बघा. बोटांना बर्फाचा चुरा लागला तर ती सुटलेली नाही, पहाटे उठून बादली काढा, म्हणजे पाण्यातून थेट ओव्हनमध्ये. आतली मान आणि काळीज-कलेजीची पिशवी बाहेर काढा. ती प्लॅस्टिकची असू शकते. आता आईशी भांडण: टर्की नळाखाली धुवायची नाही. मटण हळद लावून धुणाऱ्या घरात हे पटवणं अवघड, पण धुताना उडालेले शिंतोडे शेजारच्या काकडी-टोमॅटोवर जातात, आणि जंतू मरतात ते आचेनं, नळाच्या पाण्यानं नव्हे. कागदानं टिपून घ्या. पाट, सुरी, हात साबणानं. कोशिंबिरीची सुरी वेगळी.

२५ ला. ओव्हन १६५ अंशांवर, त्याहून कमी नाही. पोटात सारण भरू नका, वेगळं भाजा. भरलं की आतून तापायला फार वेळ लागतो. पाच किलोला तीन तासांच्या आसपास. आमची सकाळची उपासना संपेपर्यंत धाकट्या भावाला घरी बसवणार आहे, त्याला सांगून झालंय, तो रुसलाय. छाती लवकर तांबूस झाली तर फॉइल टाका. मग थर्मामीटर: मांडीचा आतला जाड भाग, छातीचा जाड भाग, हाडाला न टेकवता. दोन्हीकडे ७४ अंश. ७० म्हणजे ७४ नव्हे, परत आत. पाहुणे थांबतील, तोवर सरबत द्या.

(पूर्ण गोठलेलीही ओव्हनमध्ये भाजता येते, वेळ दीडपट लागतो. गेल्या वर्षी हे माहीत असतं तर. पण गोठलेली टर्की तेलात सोडायची नाही, कधीच नाही, तेल भडकतं.)

बाहेर काढून वीस मिनिटं तशीच ठेवा. कापा. वाढा. उरलेलं दोन तासांच्या आत हाडांवरून सोडवून उथळ डब्यात, फ्रीजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवा. हाडांचा पांढरा रस्सा बरा होतो.

आमच्या घरी फ्रीझरच्या दारावरही चिठ्ठी लावलीये. बायकोनं लावलीये. तिच्यावर फक्त तारीख आहे.