आधी जागा शोधा, विमान शेवटी घ्या : नाशिकमध्ये आरसी (रिमोटवर उडणारी) विमानं उडवायची तर

"कोणतं विमान घेऊ?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, उडवणार कुठे? बहुतेकांची गाडी तिथेच अडते. कुणी गोल्फ क्लबच्या मैदानाचं नाव घेतं, कुणी तपोवनाचं, कुणी सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटचं. शिकाऊ विमान झालं तरी ते सव्वा मीटर पंखांचं, पाऊण-एक किलो वजनाचं आणि ताशी ४०-५० किलोमीटरने जाणारं यंत्र असतं. नाकावर मिनिटाला सात-आठ हजार फेरे घेणारा प्रॉप, म्हणजे पंखा, असतो. सकाळी फिरायला आलेल्या आजोबांच्या डोक्यावरून ते नेण्याचा हक्क कुणालाच नाही. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी जागा, मग रेडिओ (म्हणजे हातातला रिमोट), मग सिम्युलेटर (कॉम्प्युटरवरचा सराव) आणि विमान सगळ्यात शेवटी. दुकानदार हाच क्रम उलटा सांगेल, कारण त्याला विमान विकायचंय.

नाशिकच्या आकाशाची एक अडचण आहे आणि ती इथल्या लोकांनाच नीट माहीत नसते. ओझरला १९६४ पासून एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) विमानांचा कारखाना आहे. तिथे मिग बनली, सुखोई बनली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये इथेच जोडलेलं पहिलं तेजस एमके-१ए उडालं. त्याच धावपट्टीवरून प्रवासी विमानंही ये-जा करतात. गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं, देवळालीला तोफखान्याचं केंद्र आहे, नाशिकरोडला नोटांची प्रेस. म्हणजे शहराच्या पूर्वेला आणि दक्षिणेला मोकळं माळरान दिसलं तरी वरचं आकाश मोकळं असेलच असं नाही.

ड्रोन नियम २०२१ मध्ये आपली विमानंही येतात. करमणूक, शिक्षण किंवा संशोधनासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेलं २५ किलोपर्यंतचं विमान 'मॉडेल' धरलं जातं आणि त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. पण म्हणून ते कुठेही उडवता येत नाही. सरकारच्या डिजिटल स्काय या वेबसाइटवरच्या नकाशावर लाल, पिवळे आणि हिरवे पट्टे आहेत. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मुभा. जागा पसंत पडली की आधी तो नकाशा उघडा आणि नोंदणीचे सध्याचे नियम डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) पोर्टलवर वाचून घ्या. शिवाय पोलिसांचे बंदी आदेश निघतात, सिंहस्थासारख्या काळात तर हमखास. तेव्हा विमान घरात ठेवायचं, हुज्जत घालायची नाही.

शहराच्या पश्चिमेला, गिरणारे किंवा त्र्यंबकच्या अंगाला, ओझर आणि गांधीनगर दोन्ही लांब पडतात. शोध तिकडे सुरू करावा. गंगापूर धरणाच्या भिंतीजवळ मात्र नको. आणि दुसऱ्या टोकाला नांदूरमध्यमेश्वरला तर अजिबात नको, ते पाणपक्ष्यांचं अभयारण्य आहे. सलग चारेक एकर मोकळी जमीन हवी, विजेच्या तारा नकोत, जवळ वस्ती नको. भात निघाल्यावर पश्चिमेकडची कोरडवाहू खाचरं मोकळी होतात, पण त्यांना बांध फार. त्यापेक्षा चराईचा माळ बरा. द्राक्षबागेपासून जितकं लांब राहाल तितकं चांगलं. मांडवाच्या तारांत विमान शिरलं की पंख तर जातोच, वर घडांचं नुकसान.

जमीन कुणाची तरी असतेच, तेव्हा आधी विचारायचं. आमच्या माळाच्या मालकाशी झालेलं बोलणं एवढंच होतं :

"नाना, सकाळी तासभर तुमच्या माळावर विमान उडवलं तर चालेल का?"

"क्यामेरा आहे का त्यात?"

"नाही."

"मग उडवा की. पण बागेकडं नका जाऊ. तारंत गुतलं तर मी घड तोडून काढू द्यायचो नाही."

कॅमेऱ्याचा प्रश्न सहज आलेला नसतो. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात रात्री ड्रोन फिरतात म्हणून गावंच्या गावं जागत होती. खेड्यात जाऊन अनोळखी काहीतरी उडवायचं तर चार माणसांना आधी दाखवावं, मुलांच्या हातात विमान द्यावं. पुढचं सगळं सोपं होतं.

जागा मिळाली की रेडिओ. सहा चॅनलचा (म्हणजे सहा वेगवेगळे हुकूम देऊ शकणारा) साधा २.४ गिगाहर्ट्झचा सेट पुष्कळ होतो. फ्लायस्कायचा एफएस-आय६ आपल्याकडे बहुतेकांच्या हातात दिसतो, पाच हजारांच्या आसपास मिळतो आणि पुढची काही विमानं त्याच्यावर निघतात. (पूर्वी क्रिस्टलवाले रेडिओ असायचे, क्रिस्टल म्हणजे रेडिओची फ्रिक्वेन्सी ठरवणारा तुकडा. मैदानात दोघांचा क्रिस्टल एकच निघाला की एकाचं विमान जमिनीत जायचं. तो काळ गेला ते बरं झालं.) मोड २ घ्या, म्हणजे थ्रॉटल (मोटरचा वेग) आणि रडर (शेपटीची उभी फळी, नाक डावी-उजवीकडे वळवते) डाव्या हाताला, एलिव्हेटर (शेपटीची आडवी फळी, नाक वर-खाली करते) आणि एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या फळ्या, विमान कुशीवर झुकवतात) उजव्या हाताला. इथे बहुतेक जण मोड २ वर उडवतात, त्यामुळे अडचणीच्या वेळी शेजारचा माणूस तुमचा रेडिओ हातात घेऊ शकतो.

हाच रेडिओ केबलने लॅपटॉपला जोडून सिम्युलेटरवर बसायचं. पिकासिम फुकट मिळतो आणि शिकायला पुरतो. इथे लोक घाई करतात. त्यांना तो खेळ वाटतो, दोन दिवसांत कंटाळा येतो. पण या छंदातली सगळ्यात अवघड गोष्ट तिथेच फुकटात शिकता येते. विमान तुमच्यापासून दूर जात असतं तोवर डावं ते डावं आणि उजवं ते उजवं. ते वळून तुमच्याकडे यायला लागलं की सगळं उलटतं आणि बोटं गोंधळतात. तेव्हा एकच लक्षात ठेवायचं : विमान समोरून येताना तुम्हाला जो पंख खाली झुकलेला दिसतो, स्टिक त्याच बाजूला द्यायची. पंख सरळ होतो. हे विचार करून जमत नाही, सायकलच्या तोलासारखं अंगात मुरावं लागतं. सिम्युलेटरवर न पडता आठाचे आकडे काढता आले आणि ठरवलेल्या जागी उतरता आलं, की मगच पुढे.

आता विमान. माझं मत स्पष्ट आहे. पहिलं विमान स्वतः बनवावं, आणि ते कुरूप असावं. देखणं विमान उडवताना हात थरथरतात. परदेशी साइटवरून तयार विमान मागवून कस्टममध्ये अडकवून घेण्यातही अर्थ नाही. फेब्रुवारी २०२२ पासून अख्खी ड्रोन आयात करायला बंदी आहे, सुटे भाग येऊ शकतात. स्वतः बनवलेलं विमान पडलं तर संध्याकाळी दुरुस्त होतं, कारण कुठे काय आहे ते तुम्हाला ठाऊक असतं.

डोक्यावर पंख असलेलं, पंखांना इंग्रजी व्ही सारखा हलका चढ दिलेलं साधं ट्रेनर निवडा. हात सोडले तरी ते स्वतःहून सरळ व्हायला बघतं. फुकट प्लॅन इंटरनेटवर ढीगभर आहेत. खरा घोळ सामानात होतो. रविवार कारंज्याकडे किंवा एखाद्या फ्लेक्सवाल्याकडे जाऊन 'सनबोर्ड द्या' म्हटलं की पुष्कळदा पीव्हीसीची शीट हातात येते. दिसायला गुळगुळीत, कापायला सोपी, आणि वजनाला मरणाची. ५ मिलिमीटरची शीट चौरस मीटरला अडीच-तीन किलो भरते. आपल्याला दोन कागदांच्या मध्ये फोम असलेला बोर्ड हवा, तो अर्ध्या किलोच्या आसपास असतो. डेप्रॉन (कागद नसलेली नुसत्या फोमची शीट) मिळालं तर उत्तमच, ते त्याहून हलकं. दुकानात वजनकाटा मागायला लाजू नका.

चिकटवण्याचंही असंच. फेविक्विकने थर्माकोल विरघळतो, रबरी सोल्युशननेही विरघळतो. फेविकॉल चालतो, फक्त रात्रभर वाळू द्यावा लागतो. हॉट ग्लू झटपट आहे, पण त्याने वजन भराभर वाढतं, आणि एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या विमानाचे सांधे सुटतात. हिवाळ्यात वेगळी तऱ्हा, सकाळच्या दवाने बोर्डाचा कागद फुगतो. पोटाला आणि पंखाच्या कडांना पॅकिंग टेप लावून टाकावी.

वजनाचा हिशेब करायला इंजिनीअर असावं लागत नाही. पंखांची लांबी १२० सेंटिमीटर, रुंदी २० सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ २४ चौरस डेसिमीटर. बॅटरीसकट वजन ८५० ग्रॅम असेल तर चौरस डेसिमीटरला साधारण ३५ ग्रॅम. शिकाऊ विमानाला एवढं ठीक. हाच आकडा साठ-सत्तरवर गेला तर विमान हवेत राहायला वेग मागतं, आणि नवख्याला परवडत नाही तो वेगच.

२२१२ आकाराची हजार केव्हीची (इथे केव्ही म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाचे फेरे) ब्रशलेस मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), १० इंची प्रॉप, ९ ग्रॅमचे चार सर्व्हो (फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि ३ सेलची २२०० एमएएचची लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी). एवढ्यात असलं विमान मजेत उडतं. रेडिओ आणि चार्जर धरून सगळं मिळून दहा-बारा हजारांत बसतं. चार्जरवर पैसे वाचवू नका, बॅलन्स चार्जरच घ्या, तो सगळे सेल सारखे भरतो. २२०० ची बॅटरी २.२ अँपिअरने चार्ज करायची, समोर बसून, फरशीवर, गादीवर नाही. उडवायची नसेल तेव्हा दर सेल ३.८ व्होल्टवर ठेवायची. आपटलेली किंवा फुगलेली लायपो 'अजून चालतेय' म्हणून वापरणाऱ्या माणसाच्या गाडीत मी बसत नाही.

वायरिंग तपासताना प्रॉप काढलेला हवा. याला अपवाद नाही, बोटं दहाच असतात. फेलसेफही घरीच लावायचा. विमान चालू ठेवून रेडिओ बंद केला की मोटर थांबली पाहिजे. मग सीजी, म्हणजे विमानाचा तोल साधतो तो गुरुत्वमध्य. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांवर बोटं टेकवून विमान उचला, ते सपाट राहावं किंवा नाक किंचित खाली जावं. २० सेंटिमीटर पंखाला म्हणजे ५ ते साडेसहा सेंटिमीटर. नाक जड असलं तर विमान आळशी उडतं, पण हाताबाहेर जात नाही. शेपूट जड असेल तर ते फेकल्या फेकल्या नाक वर करून स्टॉल होतं, म्हणजे वेग संपून पंख त्याला तोलेनासे होतात, आणि तुम्हाला काही करायला वेळच मिळत नाही. प्लॅन बघून बॅटरी नेमून दिलेल्या जागी ठेवली म्हणून सीजी बरोबर येतो असं नाही, तुमचा ग्लू आणि टेप प्लॅनवाल्याने मोजलेली नसते.

पहिल्या उड्डाणाला एकटे जाऊ नका. नाशिकच्या हिवाळ्यात सात ते नऊ वारा पडलेला असतो. दहानंतर जमीन तापली की झुळका सुरू होतात. उन्हाकडे पाठ करून उभं राहायचं. उजवी स्टिक दिली की उजवा एलेरॉन वर उठतो का, हे विमानाच्या मागे उभं राहून बघायचं. समोरून बघितलं तर हमखास चुकतं, आणि उलटा एलेरॉन घेऊन उडालेलं विमान वाचलेलं मी पाहिलेलं नाही. रेंज टेस्ट करायची, म्हणजे लांबूनही विमान रेडिओला दाद देतं का ते बघायचं. मग सोबतच्या माणसाने वाऱ्याच्या तोंडाला, नाक सपाट ठेवून, विमान सोडायचं. तुमचे अंगठे तोवर स्टिकवर.

वर गेल्यावर आधी उंची घ्यायची. नवखा माणूस घाबरून विमान खाली ठेवतो, तिथेच फसतो. खाली चूक सावरायला जागा नसते. तीस-चाळीस मीटरवर गेलं की थ्रॉटल अर्ध्यावर आणा, ट्रिम करा (स्टिक सोडल्यावरही ते सरळ जाईल असं रेडिओवरच्या बटणांनी बसवा), मोठी मोठी वळणं घ्या. वाऱ्याच्या दिशेने जाताना जमिनीच्या हिशेबाने विमान वेगात दिसतं, म्हणून लोक थ्रॉटल कमी करतात आणि वळताना ते स्टॉल होऊन पडतं. वेग हवेतला, जमिनीवरचा नव्हे. उतरताना पुन्हा वाऱ्याला तोंड, थ्रॉटल हळूहळू कमी, आणि एलिव्हेटर ओढण्याचा मोह आवरायचा, अगदी शेवटच्या हातभर उंचीपर्यंत. या बॅटरीवर आठ-दहा मिनिटं मिळतात, पण टायमर सहाचा लावा. घारी कुतूहलाने जवळ आल्या तर आपण उतरायचं. आणि संक्रांतीच्या आठवड्यात उडवूच नका. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी असली तरी तो हवेत असतोच.

कॉलेजातली मुलं विचारतात, याने एचएएलमध्ये नोकरी लागते का? थेट नाही. ओझरला आयटीआयवाल्यांना अप्रेंटिसशिप मिळते ती ट्रेड आणि मार्कांवर, तिथे तुमच्या विमानाचं कौतुक नाही. पण इंजिनीअरिंगला असाल तर एसएई या अभियंत्यांच्या संघटनेच्या एअरो डिझाइन (विमान बनवण्याच्या) स्पर्धेसाठी कॉलेजची टीम असते. तिथे सीजी हाताने शोधलेल्या आणि विमान दहादा जोडलेल्या मुलाला सगळे धरून ठेवतात. ड्रोनच्या छोट्या कंपन्यांमध्येही सोल्डरिंग स्वच्छ असलेला आणि क्रॅश झालेलं यंत्र उघडून कारण सांगू शकणारा माणूस हवाच असतो. मुलाखतीला जाताना उडतानाचा व्हिडिओ नेण्यापेक्षा मोडलेला पंख आणि त्याची दुरुस्ती दाखवा, असं मी सांगतो.

जून ते सप्टेंबर नाशिकला उडवण्याचे दिवस मोजकेच मिळतात, तो काळ बांधायचा. पहिलं ट्रेनर सांभाळून उतरवता यायला लागलं की दुसरं विमान सरळ पंखाचं आणि चारही चॅनल नीट वापरायला लावणारं करा. मोटर, ईएससी, रिसीव्हर पहिल्यातलेच काढून लावा, खर्च फक्त बोर्डाचा आणि सर्व्होंचा. लढाऊ विमानाचं मॉडेल दुकानातून खुणावत राहील, विशेषतः ओझरच्या बाजूने रोज सुखोईचा आवाज ऐकणाऱ्याला. निदान एक हिवाळा ते घेऊ नका. त्या पैशात दुसरी बॅटरी घ्या, म्हणजे माळापर्यंत गेल्यावर सहा मिनिटांत परत फिरावं लागणार नाही.