बॉल-जॉइंटेड बाहुलीला इरकल शिवताय? या चुका टाळा

माझ्या बाहुलीच्या कमरेवर अजून लालसर पट्टा आहे. इरकलच्या पदराचा तुकडा अस्तराशिवाय नेसवला आणि आठ दिवस तशीच कपाटात उभी केली, त्याचं हे फळ. गोल सांध्यांच्या, हातपाय वळवता येणाऱ्या या बाहुल्या बहुतेक पॉलियुरेथेन रेझिनच्या, म्हणजे एका कडक प्लॅस्टिकच्या असतात आणि रेझिन कापडाचा रंग ओढून घेतं. बेळगावच्या पावसाळी दमट हवेत तर अंगाला चिकटलेलं कापड ठेवूच नये.

मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो, असं आमच्या शहापुरात घरोघरी सांगतात. मीही बुडवलं होतं! मिठावर विसंबू नका. पांढरं सुती फडकं ओलं करून कापडावर ठेवा, वरून गरम इस्त्री दाबा. फडक्यावर रंग उमटला, तर ते कापड अंगाला थेट लागता कामा नये. लाल, काळं आणि गडद निळं यांना पांढरं अस्तर हवंच, आणि तरीही फोटो काढून झाले की उतरवा. डाग पडलाच तर मॅजिक स्पंज (डाग घासून काढायचा पांढरा मेलामाइन स्पंज) ओला करून हलक्या हाताने घासा, पण अंगावरच. चेहऱ्यावर फिरवलात तर भुवया-ओठ पुसले जातील. नेलपॉलिश रिमूव्हर तर लांबच ठेवा.

दुसरी चूक मापाची. बाहुली लहान होते, सूत लहान होत नाही. ६० सेंटिमीटरची बाहुली माणसाच्या साधारण एक-तृतीयांश. तिला ४ इंची काठ लावला तर तो आपल्या साडीवर फूटभर काठ लावल्यासारखा दिसतो. मावशीने बघून विचारलं, "हे काय गं करूलीस, साडी की सतरंजी?" तेव्हापासून मी काठ उभा चिरून फक्त कडेची बारीक पट्टी वापरते. नऊवारीचंही तसंच, सगळ्या निऱ्या खऱ्या घातल्या तर कमरेला गाठोडं होतं. निम्म्या निऱ्या कमी करा, कुणाला कळत नाही.

गुळेदगुडच्या खणाची नक्षी बारीक, म्हणून चोळीला शोभते. पण कापताच दशा सुटतात. आधी कडेला पातळ फॅब्रिक ग्लू लावा, वाळू द्या, मग कापा. माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जास्तीचं कापड, ५ मिलिमीटर पुरे. जास्त ठेवलीत तर काखेत गोळा येतो. मशीनला ९ नंबरची सुई, टाका दीड ते दोन मिलिमीटर. बाही आधी सपाट जोडा, बाजूची शिवण नंतर.

कसुती, म्हणजे इकडचं पारंपरिक भरतकाम, करायची तर एकच धागा घ्या. गवंती टाका दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, म्हणून पदराला तोच बरा. गोपुराची नक्षी मात्र छोटी काढा, नाहीतर छातीभर देऊळ होतं.

वेल्क्रो विगच्या केसांना आणि कसुतीच्या धाग्यांना ओढतो. टिच बटण लावा, पण प्लॅस्टिकचं. लोखंडी बटण आमच्याकडच्या पावसात गंजून चोळीवर डाग पाडतं. कपडे घालताना बाहुलीचे हुकाने अडकवलेले पंजे काढून ठेवा, नाहीतर बोटं बाहीत अडकून मोडतात. डोक्यावरून कपडा घालायचा असेल, तर चेहऱ्यावर पातळ पिशवी चढवा.

आणि माप घ्या ते बाहुलीला बसवून. उभ्या मापाची सलवार बसवताच मांडीपाशी उसवते.