जुना गेम बॉय घेताना आधी सेलचा कप्पा उघडा

लॅमिंग्टन रोडला किंवा चोरबाजारात हातात धरून खेळायचा जुना गेम दिसला की बहुतेक जण आधी पडदा बघतात. तो उलटा करा आणि सेलचा कप्पा उघडा. यंत्र कुठल्या काळातलं आहे आणि त्याचे किती द्यायचे, हे दोन्ही तिथेच कळतं.

चार पेन्सिल सेल बसत असतील तर तो 1989 चा पहिला, जाडजूड गेम बॉय. सहा असतील तर बहुधा 1989 चा अटारी लिंक्स किंवा 1990 चा सेगा गेम गियर. या दोघांचे पडदे रंगीत, मागून उजळलेले, म्हणून सेल काही तासांतच संपायचे. गेम बॉय बनवणाऱ्या जपानी निन्टेंडो कंपनीच्या गुनपेई योकोई यांचा भर स्वस्त, मुरलेल्या तंत्रावर होता. गेम बॉयला 160 बाय 144 ठिपके, हिरवट रंगाच्या चार छटा, दिवा नाही. पण चार सेलवर दहा-बारा तास आरामात खेळता यायचं आणि बाजार त्यानेच मारला. 1996 च्या गेम बॉय पॉकेटला रिमोटमधले दोन बारीक सेल लागतात, 1998 च्या कलरला दोन पेन्सिल सेल. 2003 च्या अ‍ॅडव्हान्स एसपीत चार्ज होणारी बॅटरी आली.

आपल्याकडे नव्वदीत घरोघरी होता तो ब्रिक गेम वेगळा. विकणारा त्यालाही गेम बॉयच म्हणतो, म्हणून मागे कार्ट्रिजची, म्हणजे गेम असलेली प्लास्टिकची वडी खोचायची, खाच आहे का ते बघा.

पहिली दुरुस्ती चार सेलवाल्यावरच करा, कारण त्याचे भाग मोठे आहेत. गेम गियरचे कपॅसिटर (बोर्डावरचे वीज साठवणारे छोटे भाग) गळतात आणि ते सगळे बदलावे लागतात. तिथे हात बसल्यावरच जा.

कप्प्यातल्या पत्र्यांवर पांढरा-हिरवट थर असेल तर अल्कलाइन सेल गळलेला आहे. कापसाची काडी व्हिनेगरमध्ये बुडवून, पिळून थरावर दाबा. बारीक फेस येतो आणि थर सुटतो. मग आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून तासभर सुकू द्या. व्हिनेगर बोर्डावर ओघळू देऊ नका. खालचा धातू खाल्ला गेला असेल तर पत्रीच बदला, घासून चमकवली तरी ती टिकत नाही.

लाल दिवा लागला पण पडदा कोरा, तर घाबरण्याआधी डाव्या बाजूचं कॉन्ट्रास्टचं चाक फिरवा. निन्टेंडोच्या नावाऐवजी काळा ठोकळा किंवा तुटकी अक्षरं खाली सरकली तर दोष बहुधा कार्ट्रिजच्या मळलेल्या पिनांचा. ते नाव यंत्र कार्ट्रिजमधूनच वाचतं, स्वतःजवळच्या नमुन्याशी ताडून बघतं आणि जुळलं नाही तर तिथेच थांबतं. पिना आयपीएने पुसा. फुंकर मारू नका, श्वासातल्या ओलाव्याने त्या गंजतात.

पडद्यावर उभ्या रेघा गायब असतील तर यंत्र उघडावं लागतं. मागे तीन पात्यांचे सहा स्क्रू असतात, त्यातले दोन सेलच्या कप्प्यात. त्यासाठी वाय बिट लागतं. दोन्ही अर्धे पुस्तकासारखे हळू उघडा, मधल्या चपट्या केबलला हिसका देऊ नका. पडद्याच्या बोर्डाचे स्क्रू साधे स्टार (फिलिप्स). काचेच्या खालच्या कडेला रबराखाली गोंदाने चिकटवलेली पट्टी असते. गोंद सुटला की त्या रेघेपर्यंत वीज पोचत नाही. सोल्डरिंग आयर्न कमी तापमानावर ठेवून टोक पट्टीवरून हलक्या हाताने सरकवा, एका जागी थांबू नका. थोडं केलं की चालू करून बघा. रेघ परत आली की पुरे, जास्त उष्णतेने पट्टी जळते आणि मग पडदाच बदलावा लागतो. आडव्या रेघा गेल्या असतील तर हा उपाय तितका भरवशाचा नाही.

घरातला कुठलाही अ‍ॅडॉप्टर लावू नका. चार सेलवाल्या गेम बॉयला 6 व्होल्ट लागतात आणि पिनेच्या मधोमध ऋण टोक असतं, बाजारातल्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरांना धन असतं.

जून लागायच्या आत सेल काढून यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या. मुंबईच्या पावसाळ्यात कप्प्यात विसरलेला सेल पत्री खातो.