ग्वाल्हेरातच महालातल्या हॉटेलात एक रात्र राहायचं असेल तर

आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा आम्ही भावंडांनी ठरवलं की हॉल घेऊन दीडशे पानं उठवण्यापेक्षा दोघांना एक रात्र उषाकिरणला पाठवू. आई म्हणाली, "अगं दौलतगंजातून जयेंद्रगंजात राहायला जायचं? रिक्षाने पंधरा मिनिटं नाहीत, आणि नुसतं झोपायला एवढे पैसे?" शेवटी गेली, पण स्पामध्ये एकटी जाणार नाही म्हणाली म्हणून मलाही जावं लागलं (मी काही फार नाही म्हटलं नाही). तेव्हापासून नात्यातले एकेक जण फोन करून कसं करायचं, काय विचारायचं म्हणून विचारतायत, तर एकदाच लिहून टाकते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, उषाकिरण पॅलेस म्हणजे शिंदे सरकारांच्या पाहुण्यांसाठीचा महाल, शिंद्यांच्या जयविलास राजवाड्याच्या अगदी शेजारी, शंभरावर वर्षांची इमारत, दगडात कोरलेल्या जाळ्या, मोठ्ठी बाग, आणि आता ताजवाले हॉटेल म्हणून चालवतात. बाहेरगावच्या पाहुण्यांना जयविलासची ती झुंबरं दाखवून दाखवून आपण दमलो, पण शेजारच्या या गेटातून आत आमच्यापैकी कोणीच कधी गेलं नव्हतं. खालचं बरंचसं कुठल्याही बाग-स्पावाल्या मोठ्या हॉटेलाला लागू आहे.

आधी कधी जायचं ते. बागेसाठी पैसे देताय तर बागेत बसता आलं पाहिजे, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा हिरवळ फक्त खिडकीतून बघायची. डिसेंबरच्या शेवटी आणि जानेवारीत धुकं एवढं की सकाळी दहापर्यंत लॉन ओलं, चहा घेऊन बाहेर जाल तर कुडकुडत परत याल. दिवाळीनंतरचे दोन-तीन आठवडे आणि फेब्रुवारी ते होळी, हे माझ्या मते सोन्याचे दिवस. डिसेंबरात तानसेन समारोह (गाण्याचा मोठा उत्सव) असतो तेव्हा बाहेरचे लोक येतात, त्या तारखा बघून घ्या. पावसाळ्यात रेट उतरतात पण डास, ओडोमॉस न्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बुकिंग कुठूनही करा पण आधी हॉटेलला फोन करा आणि पहिला प्रश्न हा विचारा की त्या तारखेला लॉनवर लग्न आहे का. मला हे अक्कलखाती पैसे घालून कळलंय. मागे एकदा दुसऱ्या एका शहरात अशाच छान बागेच्या हॉटेलात गेलो, खोलीला बाल्कनी, समोर गुलमोहर, सगळं फोटोत होतं तसंच, आणि संध्याकाळी पाचला साउंडवाले आले, हॅलो हॅलो माइक टेस्टिंग, मग वरात, मग डीजे. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम आहे, बंद झालाही, पण मग खुर्च्या उचलायला आणि मांडव सोडायला सुरुवात, ती दोन वाजेपर्यंत. रिसेप्शनवाला म्हणाला, मॅडम तुम्ही विचारलं नव्हतं. खरंच विचारलं नव्हतं.

दुसरा प्रश्न, खोली कुठल्या बाजूची. "गार्डन व्ह्यू" लिहिलेलं असलं तरी मधे एसीची मशिनं किंवा किचनची मागची बाजू नाही ना हे सरळ विचारा, आणि आई-बाबांसारखे गुडघेवाले असतील तर खालच्या मजल्यावरची खोली मागा, जुन्या इमारतीत लिफ्ट सगळीकडे असेलच असं धरून चालू नका. तिसरा प्रश्न, रेट कुठला. ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे नाश्त्यासकट, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. सीपी घ्या. एमएपी घेतलं की जेवण वसूल करायच्या नादात माणूस खातच सुटतो आणि मग स्पाचं काय.

पैशांचं गणित घरीच करा. भाडं रात्रीला ७,५००च्या वर असेल तर खोलीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १२,०००ची खोली १४,१६०ला पडते, आणि अशा हॉटेलातल्या जेवणावरही १८च टक्के. ७,५००पर्यंतच्या खोलीला सप्टेंबर २०२५पासून ५ टक्के झालाय, पण महालात त्या भावात कोण देणार. जेवणाच्या बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर काढायला सांगता येतो, ग्राहक प्राधिकरणाने २०२२मध्येच सांगितलंय की तो आपोआप लावायचा नाही, त्यामुळे लाजू नका. चेक-इनला कार्डावर थोडी रक्कम अडवून ठेवतात, ती सुटून यायला काही दिवस लागतात, डेबिट कार्ड दिलं तर तेवढे पैसे अडकून बसतात, म्हणून असेल तर क्रेडिट कार्ड द्या. आणि सगळ्यांचं आधार किंवा लायसन्स न्या, पॅन कार्ड चालत नाही, त्यावर पत्ता नसतो ना. बाबा नेमकं पॅन घेऊन निघाले होते, मी पाकीट तपासलं म्हणून बरं.

पोचलात की जयविलास, किल्ला, महाराज बाड्याचा चौक असलं काही काढू नका. किल्ला उद्याही तिथेच असतो. ज्या बागेसाठी पैसे दिले तिथे संध्याकाळी पाचपासून अंधार पडेपर्यंत नुसतं बसा, चहा तिथेच मागवा. बाबा पहिली वीस मिनिटं अस्वस्थ, दोनदा उठून माळ्याशी गप्पा मारून आले, मग बूट काढून गवतावर पाय ठेवले आणि एकदम गप्प झाले, आईने मला खुणेनेच दाखवलं.

स्पा. वेळ खोली बुक करतानाच घ्या, आयत्या वेळी फक्त सकाळी नऊ नाहीतर भर दुपारचे दोन असले उरलेसुरले स्लॉट मिळतात. चार-साडेचार बरे, दुपारचं जेवण हलकं आणि आधी निदान दीड-दोन तास पोटात काही नको. पंधरा मिनिटं आधी जा कारण फॉर्म भरायचा असतो, त्यात बीपी, शुगर, ऑपरेशन, गरोदरपण सगळं खरं खरं लिहा, बीपीवाल्यांनी स्टीम टाळलेली बरी. बायकांना बाई थेरपिस्ट हवी हे फोनवरच सांगून ठेवा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी साधं अभ्यंग घ्यावं, साठ मिनिटांचं. नाव ऐकून घाबरू नका, दिवाळीच्या पहाटे पाटावर बसवून तेल लावतात तेच, फक्त लावायला सासू नसते आणि उटणं खरखरत नाही. शिरोधारा म्हणजे कपाळावर तेलाची धार, छान असते पण केस तेलात भिजून निघतात, संध्याकाळी फोटोबिटो काढायचे असतील तर नको. कपडे बदलायला कागदासारखी डिस्पोजेबल चड्डी देतात, आईने ती दोन बोटांत धरून मला विचारलं, "हे काय केसांना बांधायचं?" दागिने खोलीतल्या तिजोरीत ठेवून जा असं मी सांगितलं होतं, पण मंगळसूत्र काढायला ती काही केल्या तयार होईना, शेवटी मसाज करणाऱ्या मुलीनेच सुचवलं आणि मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळलं. दाब जास्त वाटला तर तिथल्या तिथे बोला, लोक तासभर दात ओठ खात सहन करतात आणि घरी येऊन अंग दुखतं म्हणून सांगतात. बाहेर पडताना अंगावर जुना गाऊन किंवा कॉटनचा ड्रेस असू दे, तेलाचे डाग सिल्कवरून जात नाहीत.

नाश्त्याला आठच्या आत जा, नऊनंतर डोशाच्या काउंटरसमोर रांग. तिथे बेडई (डाळ भरलेली पुरी) आणि जिलेबी शोधत बसू नका, ती आपल्या गल्लीतलीच खरी, आणि बहादुरा मिठाईवाल्याचे लाडू घरी जाताना नया बाजारातून घ्या.

चेकआउट बारा किंवा अकराला असतं, तासभर वाढवून हवा असेल तर आदल्या रात्रीच विचारा, गर्दी नसेल तर बहुधा देतात. बिल ओळ न ओळ वाचा, मिनीबारचे काजू आपण खाल्ले नसतील तर तसं सांगा. साबण, शाम्पू, कंगवा, सपाता नेल्या तर चालतात, बाथरोब मात्र नाही, त्याचं बिल लागतं. आमच्या आईने सपाता पिशवीत टाकल्या, गच्चीवर कपडे वाळत घालायला जाताना घालते.