जास्त मेमरीचे वर्कस्टेशन: नागपुरात घ्यावे की बाहेरून मागवावे?

वर्कस्टेशन, म्हणजे जड कामांसाठीचा ताकदवान संगणक, कोठून घ्यावे, हा प्रश्न बहुतेक वेळा दराच्या अंगाने विचारला जातो. नागपुरातल्या बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या) दुकानदाराने एक किंमत सांगितलेली असते, परगावचा विक्रेता त्याहून कमीत द्यायला तयार असतो आणि निर्णय तेवढ्यावर होतो. ज्या यंत्रात १२८ जीबी किंवा त्याहून अधिक रॅम बसवायची आहे, त्याच्या बाबतीत दर दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा, असे माझे अनुभवांती मत आहे. रॅमची एखादी स्टिक बिघडली तर ती बदलून देण्याची जबाबदारी कोण घेणार, किती दिवसांत घेणार आणि त्यासाठी यंत्र नागपूरबाहेर पाठवावे लागणार का, हे आधी पाहावे.

त्याआधी गरजेचा आकडा पक्का करावा लागतो, कारण कोणत्या प्रकारच्या विक्रेत्याकडे जायचे हे त्यावरच ठरते. माझे काम उपग्रहचित्रांचे असल्याने त्यातलेच उदाहरण देतो. विदर्भाचे क्षेत्रफळ सुमारे ९७ हजार चौरस किलोमीटर आहे. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या १० मीटर विभेदनाच्या (एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा १० बाय १० मीटरचा तुकडा) चित्रात एका चौरस किलोमीटरला १० हजार पिक्सेल लागतात, म्हणजे संपूर्ण विदर्भासाठी सुमारे ९७ कोटी पिक्सेल झाले. प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरल्यास एका बँडला (प्रकाशाच्या एका पट्ट्यातल्या चित्राला) जवळपास ३.९ जीबी लागतात. दहा बँड १० मीटरवर आणून घेतले तर ३९ जीबी, आणि खरीप हंगामातल्या पाच तारखांची चित्रे एकाच वेळी मेमरीत ठेवायची तर १९५ जीबी. सॉफ्टवेअर काम करताना मधल्या प्रती तयार करते, त्या वेगळ्याच. हेच काम जिल्हावार तुकडे पाडून ६४ जीबीतही करता येते, फक्त वेळ अधिक जातो आणि कोड थोडा किचकट होतो. त्यामुळे आपले काम तुकड्यांत होण्यासारखे आहे का, हे प्रामाणिकपणे तपासावे. होत असेल तर पुढचा बराचसा खर्च वाचतो. खाणींचे त्रिमितीय प्रारूप, जनुकीय माहितीची जुळणी किंवा मोठे अभियांत्रिकी सिम्युलेशन करणाऱ्यांनीही असाच हिशेब कागदावर मांडावा, आणि शक्य असल्यास एक दिवसासाठी क्लाउडवर मोठे यंत्र भाड्याने घेऊन प्रत्यक्ष वापर मोजावा.

आकडा १९२ जीबीच्या आत असेल, तर चार स्लॉटच्या साध्या डेस्कटॉप मदरबोर्डवर ४८ जीबीच्या चार डीडीआर५ (मेमरीची एक नवी पिढी) स्टिक बसवून भागते. ६४ जीबीच्या स्टिक चालणाऱ्या नव्या बोर्डांवर २५६ जीबीपर्यंतही जाता येते. असे यंत्र बर्डीवरचा अनुभवी असेंब्लर जुळवून देऊ शकतो. मात्र चारही स्लॉट भरले की मेमरीचा वेग उतरतो, हे तो आपणहून सांगेलच असे नाही. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत दोन स्टिकसाठी अधिकृत वेग ५२०० मेगाट्रान्सफर प्रति सेकंद आहे, चार स्टिकसाठी तो ३६०० वर येतो. शिवाय दोन-दोन स्टिकचे दोन वेगवेगळे संच एकत्र बसवले तर ते एकमेकांशी जुळतीलच, याची हमी मेमरी बनवणारी कंपनी देत नाही. बोर्ड बनवणारी कंपनी तपासलेल्या मेमरीची यादी प्रसिद्ध करते. आपली स्टिक त्या यादीत आहे का, हे दुकानदारासमोरच पाहून घ्यावे.

याहून अधिक मेमरी हवी असेल, तर एएमडीचे थ्रेडरिपर प्रो किंवा इंटेलचे झिऑन डब्ल्यू या वर्गातले प्रोसेसर लागतात. थ्रेडरिपर प्रो ७००० मालिकेला मेमरीचे आठ चॅनल असून ती २ टीबीपर्यंत मेमरी हाताळते. या यंत्रांना रजिस्टर्ड प्रकारची (स्टिकवर सिग्नल सांभाळणारी वेगळी चिप असलेली) मेमरी लागते, आणि डीडीआर५ मध्ये रजिस्टर्ड स्टिक साध्या बोर्डात किंवा साधी स्टिक या बोर्डात बसतच नाही. असे सामान शहरातल्या दुकानांच्या फळीवर क्वचितच असते. ते बहुतेक वेळा मागवूनच द्यावे लागते. म्हणून या वर्गात ‘नागपूरचे दुकान की बाहेरचे’ ही निवड दिसते तेवढी सरळ राहत नाही. दोघेही माल बाहेरूनच आणणार असतात, आणि प्रश्न उरतो तो विक्रीनंतर दारात कोण उभे राहणार याचा.

विक्रेत्याची खरी पारख कोटेशनच्या कागदावर होते. त्यावर नुसते ‘२५६ जीबी रॅम’ एवढेच लिहिलेले असेल, तर ते कोटेशन परत करावे. ‘६४ जीबीच्या ४ स्टिक, डीडीआर५, रजिस्टर्ड, ईसीसी’ (ईसीसी म्हणजे मेमरीतल्या चुका पकडून दुरुस्त करण्याची सोय) असा तपशील, त्यापुढे कंपनीचे नाव, पार्ट नंबर, वॉरंटीची वर्षे, ती वॉरंटी विक्रेत्याची की कंपनीची, आणि बोर्डावर किती स्लॉट मोकळे राहतील, एवढे त्यात असलेच पाहिजे. ‘डीडीआर५ मध्ये ईसीसी असतेच’ असे अनेक विक्रेते सांगतात. डीडीआर५ च्या चिपमध्ये आतल्या आत चूक दुरुस्त करण्याची सोय असते हे खरे, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर होणाऱ्या चुका तिने पकडल्या जात नाहीत. त्यासाठी ईसीसीची वेगळी स्टिक आणि तिला साथ देणारा प्रोसेसर व बोर्ड लागतो. हा फरक समजावून सांगणारा विक्रेता मिळाला, तर त्याच्याकडे दोन पैसे जास्त द्यायला मी तयार असतो.

ईसीसीबद्दल मी इतके आग्रहाने लिहितो, त्याला कारण आहे. माझे पहिले मोठे यंत्र मी दर पाहून परगावच्या एका विक्रेत्याकडून मागवले होते आणि त्यात साधी मेमरी होती. दीड महिन्याने चित्रे जोडण्याचे काम मधेच बंद पडू लागले, आणि तेही दर वेळी वेगळ्या ठिकाणी. आठवडाभर मी स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत राहिलो. शेवटी रात्रभर मेमटेस्ट हा मेमरी तपासणारा प्रोग्राम चालवला, तेव्हा पहाटे पडद्यावर लाल ओळी दिसल्या आणि एक स्टिक सदोष असल्याचे कळले. विक्रेत्याने पूर्ण यंत्र परत पाठवायला सांगितले. खोके बांधून पाठवणे, तपासणी आणि परतीचा प्रवास यात पाच आठवडे गेले आणि त्या हंगामाचे काम मागे पडले. दरात वाचलेली रक्कम त्या पाच आठवड्यांच्या मानाने काहीच नव्हती.

डेल, एचपी, लेनोवो यांसारख्या कंपन्यांची वर्कस्टेशन घेण्याचा मोठा फायदा म्हणजे ऑनसाइट वॉरंटी, ज्यात अभियंता आपल्याकडे येऊन भाग बदलून देतो. मात्र आपल्या पिनकोडला ही सेवा मिळते का, आणि ‘दुसऱ्या दिवशी’ म्हणजे अभियंता दुसऱ्या दिवशी येणार की भागही त्याच दिवशी पोहोचणार, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. हिंगणा किंवा बुटीबोरीत कार्यालय असणाऱ्यांनी तर नक्कीच. कंपनीच्या कारखान्यात बसवलेली मेमरी महाग पडते, म्हणून काही डीलर ३२ जीबीचे मूळ यंत्र घेऊन त्यात बाजारातली मेमरी बसवून देतात. यात गैर काही नाही, पण ग्राहकाला तसे सांगितलेले असले पाहिजे, कारण बाहेरून बसवलेल्या मेमरीवर त्या कंपनीची वॉरंटी लागू होत नाही आणि तक्रार आली की अभियंता आधी तीच मेमरी काढायला सांगतो. डेलच्या यंत्रावर सर्व्हिस टॅग असतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की कारखान्यातून निघताना यंत्रात काय काय होते हे दिसते. उरलेली रक्कम देण्याआधी हे अवश्य पाहावे.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस किंवा सिकंदराबादचे चेनॉय ट्रेड सेंटर येथून मागवणे चुकीचे आहे, असे माझे म्हणणे नाही. निवड तिथे अधिक आहे, आणि परराज्यातून आलेल्या मालावर भरलेल्या आयजीएसटीचेही इनपुट क्रेडिट व्यवसायाला मिळते, त्यामुळे कराच्या दृष्टीने फरक पडत नाही. बिलावर आपला जीएसटी क्रमांक मात्र अचूक हवा. मी यात मधला मार्ग काढतो. मेमरी आणि प्रोसेसर अधिकृत वितरकामार्फत आलेले आहेत याची खात्री करून बाहेरून मागवावेत आणि जुळणी नागपुरात करून घ्यावी. त्यामुळे प्रोसेसर थंड ठेवणारा जड कूलर आणि ग्राफिक्स कार्ड बसवलेले यंत्र ट्रकमध्ये हिंदकळत येत नाही, आणि स्टिक बिघडल्यास एवढीशी स्टिकच कुरिअरने पाठवावी लागते. पार्सल उघडताना मोबाइलवर सलग चित्रीकरण करावे. वाद झाल्यास तेवढाच पुरावा हातात असतो.

जुनी, रिफर्बिश्ड वर्कस्टेशन हा आणखी एक मार्ग आहे. एचपी झेड८४० सारख्या यंत्रात १६ मेमरी स्लॉट असतात आणि विद्यार्थ्यांना कमी पैशांत भरपूर मेमरी मिळते. मात्र वीज जास्त लागते, आवाज होतो आणि वॉरंटी बहुधा विक्रेत्याच्या शब्दापुरतीच असते. शासकीय संस्थांची खरेदी जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरून होते. तिथे विनिर्देशात ईसीसी, स्टिकची संख्या आणि मोकळे स्लॉट लिहिले नाहीत, तर सर्वांत कमी बोली लावणारा सर्व स्लॉट लहान स्टिकने भरून देऊ शकतो आणि पुढे मेमरी वाढवायची वाट बंद होते.

२०२५ च्या अखेरीस मेमरीचे दर झपाट्याने चढले, तेव्हापासून कोटेशनची मुदत हा मुद्दा फार महत्त्वाचा झाला आहे. दर किती दिवस कायम राहणार, आगाऊ रक्कम दिल्यावर वाढलेला फरक कोण सोसणार आणि ठरलेल्या पार्ट नंबरऐवजी दुसरा माल आल्यास आगाऊ रक्कम परत मिळणार का, हे कोटेशनवरच लिहून घ्यावे.

यंत्र ताब्यात घेताना दुकानातच मेमटेस्ट लावावा. २५६ जीबीची एक फेरी पूर्ण व्हायला कित्येक तास लागतात, त्यामुळे रात्रभर चालू ठेवून दुसऱ्या दिवशी यावे. याला नकार देणाऱ्या विक्रेत्याकडून मी यंत्र घेत नाही. विंडोज ११ ची होम आवृत्ती १२८ जीबीच्या पुढची मेमरी वापरत नाही, म्हणून प्रो आवृत्तीच बसवलेली आहे ना, हे पाहावे. टास्क मॅनेजरमधील मेमरीच्या पानावर वेग आणि वापरलेले स्लॉट दिसतात. ते कोटेशनशी ताडून पाहावेत आणि प्रत्येक स्टिकचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्यावा.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याहूनही वर जातो. म्हणून डिसेंबरात यंत्र घेतले असले, तरी नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) येण्याआधी विक्रेत्याला एकदा बोलावून पूर्ण भाराखाली मेमरीचे तापमान मोजायला लावावे आणि ही भेट खरेदीच्या वेळीच ठरवून ठेवावी. यंत्र कूलरच्या झोताच्या वाटेत ठेवू नये, कारण ती हवा दमट असते आणि पाण्याचे बारीक तुषार पंख्यावाटे आत ओढले जातात. वाळ्याच्या ताट्या लावलेल्या खोलीत आपल्याला बरे वाटते, यंत्राला मात्र कोरडी, एसीची खोलीच द्यावी.