ड्रम कंट्रोलरवर रिदम गेम कसा खेळावा

रिदम गेममध्ये गाण्याबरोबर पडद्यावर रंगीत खुणा, म्हणजे नोटा, सरकत येतात आणि त्या वेळी त्या रंगाचा पॅड वाजवायचा असतो. नोटा हुकायला लागल्या की नवशिका आधी स्वतःच्या हातांना बोल लावतो. बरेचदा हात ठीकच असतात. टीव्ही चित्र उशिरा दाखवत असतो, नाहीतर स्टूल बुटकं असतं, नाहीतर पेडल फरशीवरून पुढेपुढे सरकत असतं. म्हणून पहिलं गाणं लावण्याआधी अर्धा तास मांडणीला द्या. तो वाया जात नाही.

इथे मुख्यतः चार पॅड आणि एक पेडल असलेलं किट धरलं आहे. २००७ साली आलेल्या 'रॉक बँड'ने ही रचना रूढ केली, आणि 'क्लोन हीरो' किंवा 'यार्ग' हे पीसीवरचे मोफत गेमही तीच ओळखतात. 'गिटार हीरो वर्ल्ड टूर'चं (२००८) किट मात्र वेगळं आहे. त्यात तीन पॅड आणि दोन उंच सिंबल (झांजांसारख्या तबकड्या) असतात, नारिंगी रंग सिंबलचा असतो आणि पेडलची पट्टी जांभळी असते. जुनं किट मिळवताना आणखी एक गोष्ट तपासा. प्लेस्टेशन आणि निन्टेंडो वीसाठीची बरीच वायरलेस किट आपापल्या यूएसबी डोंगलशिवाय (कन्सोलला लावायच्या छोट्या रिसीव्हरशिवाय) चालत नाहीत. डोंगल हरवलेलं किट कितीही चकचकीत दिसलं तरी घेऊ नका.

पडद्यावर काय येतं

डावीकडून उजवीकडे चार रांगा असतात: लाल, पिवळी, निळी, हिरवी. लाल म्हणजे जवळजवळ नेहमीच स्नेअर (कडक आवाजाचा मुख्य ड्रम). पूर्ण रुंदीची आडवी नारिंगी पट्टी आली की पाय मारायचा. बाकीचे तीन रंग गाण्यातल्या जागेनुसार टॉम (घुमणारे ड्रम) किंवा सिंबल असतात. साध्या मोडमध्ये दोन्हींसाठी पॅड एकच. 'रॉक बँड ३'मध्ये (२०१०) आलेल्या प्रो ड्रम्समध्ये तीन जादा सिंबल जोडतात: पिवळा हाय-हॅटचा (पायाने उघडझाप होणारी जोडझांज), निळा राइडचा (सतत ठेका धरणारी झांज), हिरवा क्रॅशचा (मोठ्या आघाताची झांज). तिथे सिंबलची नोट गोल आणि टॉमची चौकोनी दिसते. लाल सिंबल नसतो.

सलग १० नोटा लागल्या की गुण दुप्पट होतात, २० ला तिप्पट, ३० ला चौपट. हुकलेली नोट ही साखळी तोडते हे सगळ्यांना माहीत असतं. नोट नसताना मारलेला जादा ठोकाही ती तोडतो, हे पुष्कळांच्या उशिरा लक्षात येतं. घाबरून दोनदा मारण्यापेक्षा एक नोट सोडून दिलेली बरी.

बैठक आणि मांडणी

स्टूल बिनहातांचं घ्या. सोफ्यावर बसून ड्रम वाजत नाही, कारण मांड्या वर येतात आणि पाय उचलायला जागाच उरत नाही. बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली हवेत. पॅड साधारण कमरपट्ट्याच्या उंचीवर ठेवा आणि आपल्याकडे थोडे कलते करा. कोपर अंगाजवळ सैल सोडून काठी पॅडच्या मध्यावर टेकली पाहिजे. हात लांब करावा लागत असेल तर किट जवळ ओढा.

पेडल घोट्याच्या सरळ रेषेत हवं. प्लास्टिकच्या पायांवर ते गुळगुळीत फरशीवरून घसरतं आणि गाण्याच्या उत्तरार्धात तुमचा पाय नकळत लांबलेला असतो. खाली जाड चटई किंवा गालिच्याचा तुकडा टाका आणि किटचे पुढचे दोन पायही त्याच तुकड्यावर घ्या. चटईचा आणखी एक फायदा म्हणजे खालच्या मजल्यावर धमक कमी जाते. पॅडचा आवाज हवेतून जातो, पण पेडलचा ठोका थेट जमिनीतून उतरतो.

काठ्या ५ए मापाच्या घ्या. हात लहान असेल तर ७ए, ती थोडी बारीक आणि हलकी असते. टोकाचं लाकूड चिरलेलं असेल तर काठी बदला, नाहीतर रबराला आणि त्याहून जास्त जाळीच्या पॅडला ओरखडे पडतात.

काठी मागच्या टोकापासून साधारण एकतृतीयांशावर अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा. उरलेली तीन बोटं नुसती टेकवा, आवळू नका. ठोका मनगटातून सोडा आणि काठीला स्वतःहून वर उसळू द्या. धरलंय बरोबर की नाही हे कळायला एक सोपी खूण आहे. काठी पॅडवर सोडली की ती तीन-चार वेळा आपोआप टपटपली पाहिजे. एकाच ठोक्यात थांबली तर मूठ आवळलेली आहे. जोर लावल्याने गुण वाढत नाहीत, हातांचे दंड मात्र भरून येतात.

कॅलिब्रेशन: इथे घाई नको

टीव्ही चित्र सुधारण्यासाठी त्यावर प्रक्रिया करतो आणि त्यात वेळ जातो. आवाज वेगळ्या वाटेने येतो, त्याला वेगळा उशीर लागतो. १२० बीपीएमच्या (मिनिटाला १२० मात्रांच्या) गाण्यात एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची असते आणि तिचा चौथा भाग १२५ चा. पडदा १०० मिलिसेकंद मागे असेल तर डोळ्यांना दिसणारी नोट जवळजवळ एक पावमात्रा उशिरा येते. मग हात कितीही तयार असो, मेळ बसत नाही. हा उशीर मोजून गेमला सांगणं म्हणजे कॅलिब्रेशन.

१. टीव्हीवर गेम मोड चालू करा. हे आधी, कारण मोड बदलला की उशीरही बदलतो.

२. ब्लूटूथ हेडफोन किंवा स्पीकर बाजूला ठेवा. त्यांचा उशीर मोठा असतो. तारेने जोडा.

३. गेममधलं कॅलिब्रेशन उघडा. आवाजाची चाचणी डोळे मिटून द्या, चित्राची चाचणी आवाज बंद करून.

४. चाचणीचा ठोका पॅडवर काठीनेच मारा. हातातल्या साध्या कंट्रोलरचं बटण दाबून घेतलेला आकडा ड्रमला लागू पडत नाही, कारण पॅडचा सेन्सर आणि वायरलेस जोडणी यांचा स्वतःचा उशीर असतो.

५. तीनदा करा. आकडे एकमेकांच्या जवळ असतील तर मधला ठेवा. लांब लांब असतील तर तुमचे ठोके अजून स्थिर नाहीत. थोडं थांबून पुन्हा करा.

नंतर ओळखीचं, संथ गाणं वाजवून बघा. नोटा इकडेतिकडे हुकत असतील तर सराव कमी आहे. सगळ्या एकाच बाजूला, म्हणजे सतत लवकर किंवा सतत उशिरा पडत असतील, तर आकडा चुकला आहे. तो ५-५ मिलिसेकंदांनी सरकवून पाहा.

इलेक्ट्रॉनिक ड्रम किट जोडायचं असेल तर

पीसीवर हे सोपं आहे. मॉड्यूलमधून (किटचा आवाज तयार करणाऱ्या डब्यातून) यूएसबी केबल लावा आणि गेमच्या कंट्रोल मेनूत मिडी (ठोके क्रमांकांच्या रूपात पाठवणारी पद्धत) इनपुट निवडून एकेक पॅड वाजवत रंग नेमा. सामान्यतः किक (पायाचा ड्रम) ३६, स्नेअर ३८, बंद हाय-हॅट ४२, उघडा हाय-हॅट ४६, क्रॅश ४९ आणि राइड ५१ असे मिडी क्रमांक असतात.

गफलत होते ती पुढे. एकाच पॅडचे वेगवेगळे भाग वेगवेगळे क्रमांक पाठवतात. स्नेअरच्या कडेचा बहुधा ४०, क्रॅशच्या कडेचा ५५, राइडच्या मधल्या घुमटाचा ५३. फक्त मधला भाग नेमला तर खेळताना 'मारलं होतं की!' असं वाटणारे अर्धे ठोके गायब होतात. तेव्हा प्रत्येक सिंबल मधे, कडेला आणि घुमटावर वाजवून तिन्ही क्रमांक एकाच रंगाला द्या. हाय-हॅट उघडा आणि बंद, दोन्ही पिवळ्याला. मात्र नुसत्या पायाने मिटलेल्या हाय-हॅटचा ४४ कशालाच नेमू नका. डाव्या पायाने ठेका धरायची सवय असली तर प्रत्येक दाबाला जादा ठोका मोजला जाईल आणि साखळी तुटत राहील.

एका ठोक्याचे दोन मोजले जात असतील तर मॉड्यूलमधला मास्क टाइम (एका ठोक्यानंतर पुढचा न मोजण्याचा वेळ) थोडा वाढवा. अति वाढवलात तर जलद रोलमधले खरे ठोकेही गिळले जातात. १८० बीपीएमला पावमात्रा फक्त ८३ मिलिसेकंदांची असते. शेजारचा पॅड आपोआप वाजत असेल तर तो कंपनांचा प्रकार आहे. आधी क्लॅम्प घट्ट करा, मग त्या पॅडचा थ्रेशोल्ड (ठोका मोजायला लागणारा किमान जोर) वाढवा.

खऱ्या किटच्या मांडणीत हाय-हॅट स्नेअरच्या डावीकडे असतो, पडद्यावर मात्र पिवळी रांग लालच्या उजवीकडे. पहिले काही दिवस हात उलटे जातील. डावीकडे बघून मेळ लावत बसू नका. 'पिवळा म्हणजे उजवा हात' एवढंच धरा, बाकी हात शिकतात.

पहिला ठेका

निम्म्याहून जास्त गाणी या एका ठेक्यावर उभी असतात. तोंडाने म्हणा: एक-आणि, दोन-आणि, तीन-आणि, चार-आणि.

उजवा हात पिवळ्यावर, प्रत्येक शब्दाला. डावा हात लालवर, दोन आणि चारला. पाय एक आणि तीनला.

गेम बंद ठेवून, ८० बीपीएमच्या मेट्रोनोमवर बसवा. आधी फक्त दोन हात. मग डावा हात सोडून उजवा हात आणि पाय. शेवटी तिन्ही. बहुतेकांची गाडी अडते ती 'तीन'चा पाय पुढच्या 'आणि'वर गेला की. पायाबरोबर डावा हातही ओढला जातो, कारण शरीराला सगळं एकदम करायचं असतं. इलाज वेग वाढवण्यात नाही. ६० वर या आणि फक्त उजवा हात व पाय दहा मिनिटं चालवा. टाच उचलून, पायाच्या पुढच्या भागाने मारा आणि लगेच पेडल सोडा. दाबून ठेवलं तर पुढचा ठोका नोंदला जात नाही.

नोटा एकेक करून वाचू नका. दोन मात्रांत 'पिवळा-पाय, पिवळा, पिवळा-लाल, पिवळा' दिसलं की तो एक शब्द झाला. पडद्यावर नोटा चिकटून येताहेत असं वाटलं तर स्क्रोल वेग वाढवा. ऐकायला उलटं वाटेल, पण वेग वाढला की नोटांमधलं अंतर वाढतं आणि घोळका सुटतो. गाणं जलद होत नाही, फक्त पट्टी जलद सरकते. नजर मारण्याच्या रेषेवर नको, तिच्या थोडी वर ठेवा.

फिल आणि क्रॅश

फिल म्हणजे ठेक्याच्या मधे भरलेला छोटा तुकडा. लालवर चार, पिवळ्यावर चार, निळ्यावर चार, हिरव्यावर चार: हे उजवा-डावा-उजवा-डावा असं चालवलं की प्रत्येक नवा पॅड उजव्या हाताने सुरू होतो आणि वाट मोकळी राहते. तीन-तीनचे गट आले की भानगड होते. लाल उजव्याने सुरू झाला तर पिवळा डाव्याने सुरू होतो आणि दोन्ही हात एकमेकांच्या वाटेत येतात. असा फिल सराव मोडमध्ये ६० टक्के वेगाने घ्या आणि हातांचा क्रम आधी ठरवून टाका. गाणं चालू असताना तो सुचत नाही.

फिलनंतर समेवर बहुधा हिरवा क्रॅश आणि पाय एकत्र येतात. तिथे हात वेळेवर पोचतो, पाय नाही, कारण फिलभर तो निवांत होता. म्हणून फिल चालू असतानाही प्रत्येक मात्रेला टाच हलकेच वरखाली ठेवा, पेडल न दाबता.

'रॉक बँड'मध्ये ओव्हरड्राइव्हही (काही वेळ गुण दुप्पट करणारी ताकद) इथेच पेटतो. मीटर निम्मं भरलेलं असेल तर फिलची मोकळी जागा येते. तिथे काहीही वाजवा, शेवटची हिरवी नोट तेवढी लागली पाहिजे. आत्ता पेटवायचा नसेल तर ती नोट सोडा.

एक्स्पर्ट या वरच्या पातळीला गेल्यावर डिस्को ठेक्यात लाल आणि पिवळा उलटे दिसले तर चार्ट (गाण्याच्या नोटांची मांडणी) चुकला असं समजू नका. दोन्ही हात आलटून पालटून चालावेत म्हणून साध्या मोडमध्ये ही अदलाबदल मुद्दाम केलेली असते. प्रो मोडमध्ये ती नसते.

दोन पेडल

'गिटार हीरो मेटालिका'ने (२००९) आणलेल्या एक्स्पर्ट प्लस पातळीत पायाच्या नोटा दाट येतात, त्यांना एका पायाने पुरं पडणं अवघड. चार पॅडच्या पुष्कळ किटमध्ये ३.५ मिलिमीटरचा स्प्लिटर (एका सॉकेटचे दोन करणारा जोड) लावून दुसरं पेडल जोडता येतं. तोटा एवढाच की दोन्ही पेडल एकाच तारेवर येतात. एक पाय दाबलेलाच राहिला तर दुसऱ्याचा ठोका गेमपर्यंत पोचत नाही. तेव्हा आधी २०-२० ठोके उजव्या-डाव्या पायाने आलटून पालटून मारा, प्रत्येक वेळी पेडल पूर्ण वर येऊ द्या, आणि मोजलेले ४० भरले की मगच गाणं लावा.